मायक्रॉन आप्पांचं कुंकू

मायक्रॉन आप्पा चहासुद्धा मापात घ्यायचे. सीमाभागातल्या मच्छेच्या आमच्या कारखान्यात कॅन्टीनवाल्यानं कप पुढं केला की डोळा बारीक करून म्हणायचे, "दोन मायक्रॉन कमी हाय रं." लेथवरून उतरलेल्या नगावर नुसता अंगठा फिरवून ते मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत माप सांगत, आणि आमचं परदेशी मशीन अर्ध्या तासानं तेच सांगे. मी क्वालिटीत, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेणारा. आप्पांच्या कामात चूक सापडत नसे, याचा मला मनातून रागच यायचा.

त्यांचं घर सांबऱ्याला, विमानतळाला लागून. डोक्यावरून विमान गेलं तरी मान वर करत नसत. म्हणत, "भायेरनं बरं दिसतंय. आतलं फिनिशिंग कोण बघितलंय?"

अशा माणसाकडं मंगळावर उतरणाऱ्या यंत्रगाडीच्या चाकांचे चार बुश, म्हणजे आसाभोवती बसणाऱ्या कड्या, बनवायला आले. गाडी कुठल्या देशाची, हे साहेबांनी गुप्त ठेवलं. साहजिकच टपरीवर दुसरा विषय उरला नाही. आप्पांनी आठवडाभर खपून नग उतरवले आणि दुसऱ्या दिवशी नेमकी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं लेथला हार, पान्यांना हळदकुंकू, साहेबांच्या कॉम्प्युटरलाही बोट लागतं. आप्पांनी नगांचा डबा उघडला आणि चारही बुशांना कुंकू लावलं.

"अहो आप्पा, काय केलंत हे! तिथं धुळीचा कण चालत नाही!" मी हातमोजे चढवत ओरडलो.

"धूळ कुठली? कुंकू हाय ते."

नियमांच्या फायलीत कुंकवाचा रकाना नव्हता. मी चारही नग रिजेक्ट केले. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

आप्पांनी नवे चार उतरवले. डबा बंद होताना मात्र त्यावर हात ठेवून म्हणाले, "आजवर बिनकुंकवाचं काम हातातनं गेलं न्हवतं. लेकीला मोकळ्या कपाळानं सासरी धाडल्यागत वाटतंय रं. चाक अडकलं तर माझ्यानं सोसायचं न्हाय."

इकडं आप्पांच्या सत्काराची घाई उडाली. फलक मराठीत की कन्नडमध्ये यावरून दोन गट पडले, म्हणून सत्कारही दोन झाले. दोन्हीकडं भाषणं झाली, दोन्हीकडं शाल मिळाली. मंगळ कुणाच्या हद्दीत येतो, एवढंच ठरायचं राहिलं. आप्पा मला म्हणाले, "गाडी अजून उतरली न्हाय आणि हे आधीच नाचायलेत."

गाडी उतरली तेव्हा आप्पा निवृत्त होऊन आजारानं खाटेला खिळले होते. ती चालू लागल्याची बातमी आली आणि मी फोन घेऊन सांबऱ्याला पळालो. चाकाचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढं धरला.

"फिरतंय व्हय?"

"फिरतंय, आप्पा. झकास फिरतंय."

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं. "चाकाला लाल काय लागलंय?"

"तिथली माती. सगळी अशीच आहे."

आप्पा खोकला येईपर्यंत हसले. "तू लावू दिलं न्हाईस. तिनं तिथं जाऊन लावून घेतलं बघ."

पुढच्या खंडेनवमीला आप्पा नव्हते. ते चार रिजेक्ट बुश माझ्याच कपाटात होते. मी ते पाटावर मांडले, हातमोजे काढले आणि एकेकाला कुंकू लावलं.