दुसरीने बंद करायचा बग

शाहूपुरीत माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. त्याच्या माळ्यावर बसून आम्ही दोघींनी गावोगावच्या वाचनालयांसाठी एक ओपन सोर्स प्रोग्राम लिहिला. कुणीही फुकट वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. खाली खळीचा वास, वर दोन लॅपटॉप. नियम तिचा: जिने बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, दुरुस्त केला तिने तो तक्रारींच्या यादीत बंद करायचा नाही. दुसरीने तक्रार करणाऱ्याला फोन लावायचा, तो "व्हय, झालं" म्हणाला की मगच बंद.

वाचनालयं वाढली, तक्रारी वाढल्या. मला लांबलेली यादी बघवत नाही. एका शनिवारी तिला न विचारता मी नवा नियम लावला: तक्रार करणाऱ्याचं वेबसाइटवर तीन महिने उत्तर नाही, तर बग आपोआप बंद. यादी एका पानावर आली.

सोमवारी तिने विचारलं, "वारणानगरच्या ग्रंथपाल काकांचा बग कुठं गेला?"

"त्यांनी उत्तरच दिलं नाही."

"अगं शहाणे, ते वेबसाइटवर कशाला उत्तर देतील? त्यांचं परत आलेलं पुस्तक अजून बाहेरच दिसतंय की!"

"अशाने फोन करता करता म्हाताऱ्या होऊ आपण."

"मग रहा की एकटीच तरणी," म्हणाली, आणि लॅपटॉप घेऊन जिना उतरली. पुन्हा आली नाही.

त्याला चार वर्षं झाली. आता कुठून कुठून लोक कोड पाठवतात, चाचण्या झाल्याशिवाय मी एक ओळ आत घेत नाही. काम नेटकं चालतं. फक्त एखादी अवघड गाठ सुटली की अजून मान उजवीकडे वळते. ती तिथे बसायची.

गेल्या महिन्यात काकांचा तोच बग दुसऱ्या वाचनालयातून आला. मी बसने वारणानगर गाठलं, सकाळभर काकांशेजारी बसले. परत आलेलं पुस्तक ते लगेच नोंदवत नाहीत. पानं, शिवण तपासून वेगळ्या ढिगात ठेवतात, आठवड्याने एकदम नोंदवतात. आमच्या प्रोग्रामात तो ढीगच नव्हता.

निघताना काका म्हणाले, "त्या दुसऱ्या बाई न्हाई आल्या? त्या फोन करायच्या."

दोन दिवसांत मी ढिगाची सोय केली आणि तिला मेसेज टाकला: "काकांचा बग दुरुस्त केलाय. फोन तू करायचास."

तिने वाचलाय. उत्तर नाही. मदतीला येणारे विचारतात, बंद करू का? मी नको म्हणते. तीन महिन्यांचा नियम मी त्या एका बगावरून काढून ठेवलाय.