मोटारीचा कब्जा

कपबशी आधी खाली ठेवा, मग सांगतो. नाहीतर हसताना चहा अंगावर सांडाल आणि नाव माझं घ्याल!

निजाम सरकारचं राज्य होतं तेव्हा. माझ्याकडे एक जुनी मोटार होती, बीड ते पाटोदा सवाऱ्या न्यायचो. इंजिन धडधाकट, पण दारं? काय विचारता! बिजागऱ्या इतक्या झिजलेल्या की डावं दार उचलून धरल्याशिवाय लागायचं नाही आणि उजवं लावलं तरी राहायचं नाही. त्या बाजूच्या सवारीला मी आधीच बजावायचो, "पान खायचं तं डाव्या हातानं खा, उजव्यानं दार धरा!"

एकदा तिथे कोण येऊन बसावं? खुद्द तहसीलदारसाहेब! आता त्यांना 'दार धरा' कोण म्हणणार? पाली गावाच्या पुढे खड्डा आला, दार सताड उघडलं आणि साहेब अर्धे बाहेर! शेजारच्या सवारीनं शेरवानी धरली म्हणून वाचले. पण त्यांची तांबडी तुर्की टोपी गेली ती थेट ओढ्यात. पुढे पाटोद्यापर्यंत साहेब नुसते त्या दाराकडेच बघत बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा चपराशी चाँदभाई रस्त्यावरूनच ओरडला, "कल सुबू आदमी लेके आतूं, गाडी के कब्जे वास्ते! साब का हुकुम है. गाडी घर पेच रखो!"

कब्जा! मी होतो तिथंच खाली बसलो. एका टोपीपायी मोटार जप्त? घरची चूल त्या मोटारीवर पेटत होती!

"कावून बसलाव असं मटकन?" बायकोनं विचारलं.

"सरकार मोटार नेणार हाय."

"मग बसून काय व्हतंय? लपवा की!"

आमची ही अशी! दोघांनी ढकलत ढकलत मोटार मळ्यात नेली, वर कडबा रचला. पण ती मेली दारं! पेंढी टेकवली की उघडायची, कडबा खाली. शेवटी माझं डोकं फिरलं. बोटभर लांब खिळे आणले आणि दोन्ही दारं चौकटीला ठोकून टाकली.

सकाळी चाँदभाई हजर. बरोबर एक लोहार.

"गाडी कां है?"

"इकली."

"किसको?"

"वडवणीला... न्हाई, न्हाई, त्याच्याबी लई पल्याड!"

चाँदभाईनं कपाळाला हात लावला. "या अल्ला! साब ने अपनी टूटी बग्गी के कब्जे निकाल के भेजे. अब इनका क्या करूं?"

लोहारानं पिशवी उपडी केली. दणकट बिजागऱ्या ओट्यावर खणखणल्या.

"ह्ये... ह्ये कब्जे?"

"मंग?" लोहार म्हणाला. "आपली बिजागरी, तेंच्या उर्दूत कब्जा म्हणत्यात. तुमाला काय वाटलं?"

काय वाटलं ते कोणत्या तोंडानं सांगू? पण जीव असा भांड्यात पडला म्हणता! मी चाँदभाईला मिठीच मारली. "इकली न्हाई बाबा, इकली न्हाई! कडब्यात हाय!"

माझे खिळे उपसताना लोहारानं ज्या शिव्या घातल्या, त्या चहाबरोबर सांगण्यासारख्या नाहीत. पण दारं काय बसली! एका बोटानं ढकललं की खट्ट! मी हरखून मोटार थेट कचेरीपुढे उभी केली. साहेबांनी दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, खूश झाले.

आता तरी मी गप्प बसावं की नाही? पण आभार मानायचे होते ना, तेही उर्दूत! छाती फुगवून म्हणालो, "साब, अब हमारी मोटार पे आपकाच कब्जा है!"

साहेब जरा थबकले. मग मिशीत हसले, नवी टोपी सारखी केली आणि आत बसून खट्टकन दार लावून घेतलं.

"बहोत खूब! तो चलो, आज पूरे तालुके का दौरा करेंगे."

बाजाराचा दिवस होता. रस्ताभर सवाऱ्या हात करत होत्या आणि मी नुसता भोंगा वाजवत पुढे जात होतो. सरकारनं जो कब्जा मागितलाच नव्हता, तो मी आपण होऊन कचेरीत पोचता करून आलो होतो!