साडूंचा बिनबटणाचा दिवा

भिंतीवरच्या बटणाशी जन्माचं वैर धरलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. थोरले साडू, म्हणजे बायकोच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत ते मीटर-सेन्सर दुरुस्त करायचे आणि नदीपलीकडे अष्टमीत राहायचे. नव्वद-एक्याण्णवचा काळ. आमच्या वरसे गावात कुणाकडे रंगीत टीव्ही आला तरी लोक निमित्त काढून बघायला जायचे. अशा दिवसांत साडूंनी भंगारात निघालेले सेन्सर साहेबांना विचारून घरी आणले आणि सगळे दिवे नुसता हात हलवून लागतील असे करून टाकले. भिंतीवर एक काळी काच. तिच्यासमोरून हात न्यायचा, आत ‘टक्’ व्हायचं आणि दिवा लागायचा. पुन्हा हात नेला की बंद. बटण दाबणं म्हणजे त्यांच्या लेखी उष्टं खाणं होतं. म्हणायचे, “धा जणांनी बोट लावलेल्या जागी आपण कशाला बोट लावायचं, साडूभाऊ? हात दाखवा. त्याला कळतंय, माणूस आलाय ते.”

त्याला कळायचं, पण जरा जास्तच कळायचं. शेजारच्या काकू ताईंकडे, म्हणजे साडूंच्या बायकोकडे, सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या की त्यांचे हात असे काही चालायचे की स्वयंपाकघरात विजा चमकतायत असं वाटावं. मांजर शेपूट वर करून मोरीसमोरून गेलं की मोरीतला दिवा जायचा आणि आत तोंडाला साबण लावून उभा असलेला मी बोंब मारायचो. एका वर्षी तर गणपतीच्या मखरात त्यांनी हीच करामत बसवली. आरती सुरू झाली, तबक ओवाळताना हात काचेसमोर आला की दिवा लागे, पुढच्या फेरीला विझे. बाप्पा दिसतायत, नाहीसे होतायत, पुन्हा दिसतायत! पोरंटोरं खूश, भटजी हैराण. साडू मात्र टाळ्या वाजवत शांतपणे म्हणाले, “स्विच बरोबर हाय, माणूस चुकतोय. जरा लांबून ओवाळा.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बल्ब उडो, फ्यूज जावो, काकूंना शॉक बसो, स्विच कायम बरोबर आणि माणूस कायम चूक. ताईंनीसुद्धा संसारात त्यांच्याकडून ‘माझं चुकलं’ कधी ऐकलं नव्हतं.

पण एक सांगतो. या सगळ्या वेडाची सुरुवात ताईंच्या पिठाच्या हातांपासून झाली होती. भाकऱ्या थापताना संध्याकाळ व्हायची, दिवा लावायला हात धुवा, पुन्हा पिठात घाला. नवऱ्याने एकदा बघितलं आणि पुढच्या रविवारी भिंत फोडली. हे ताई सांगायच्या तेव्हा रागावल्यासारखं करायच्या आणि लाजायच्या. माझ्या बायकोने मग माझ्याकडे असं काही बघावं, की मी तिथून उठून गॅलरीत जायचो.

आमच्या सासऱ्यांचा पेणला गणपतींचा कारखाना. आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणायचो. कारखान्यात चार माणसं काम करायची, पण आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, फक्त मामांकडे. जुनी गिऱ्हाइकं समोर बसून ते बघायची आणि हात जोडूनच मूर्ती उचलायची. मामा तसे तिरसट. थोरल्या जावयाबद्दल म्हणायचे, “मी पोरगी नवऱ्याला दिली का वायरमनला?” साडू हसायचे, पण मामांनी एकदा तरी बरं म्हणावं यासाठी त्यांचा जीव तुटायचा. शेवटी, शाडूचे ओले हात बटणाला लागतात हे कारण काढून त्यांनी आखणीच्या पाटाशेजारी आपली काळी काच बसवलीच.

त्या वर्षी गणपतीला आठवडा राहिला होता. भर दुपारी आभाळ भरून अंधारलं होतं. मुंबईची दोन जुनी गिऱ्हाइकं समोर बसलेली. मामांनी कुंचला उचलला, तोच हात काचेसमोर धरला आणि दिवा लागला, विझला, लागला, विझला. टक्, टक्, टक्. मामांनी हात मागे घेतला, पुन्हा धरला. पुन्हा तेच. मला हसू आलं. आता साडू काय म्हणणार ते मला पाठ होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते स्विचकडे बघतच नव्हते. मामांच्या हाताकडे बघत होते. मग मलाही दिसलं. मामांची बोटं थरथरत होती. एक गिऱ्हाईक मान पुढे काढून बघायला लागलं. हात कापतो हे पेणमध्ये पसरलं असतं, तर मामांच्या हातचे डोळे कुणी मागितले असते?

साडू ताडकन उठले आणि मधे उभे राहिले.

“स्विच बिघडला माझा,” ते मोठ्याने म्हणाले. “मामा, चूक माझी हाय. असली थेरं इथं बसवायलाच नको होती.”

“काय हो,” गिऱ्हाईक हसलं, “शेवटी बटणच बरं ना?”

“व्हय, व्हय, बटणच बरं!”

ताई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या. साडूंनी काचेची वायर काढली, साधा बल्ब जोडला आणि तो हातात धरून पाऊण तास असे उभे राहिले की मामांच्या मनगटावर सावली पडावी. मामांनी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. कुंचला टेकला की हात सावरायचा. मूर्तीचे डोळे नीट उतरले. गिऱ्हाइकांनी हात जोडले.

परतताना एसटीत मी विचारलं, “खरंच बिघडला होता?”

“स्विच बरोबर होता,” ते म्हणाले. वाक्याचा पुढचा अर्धा भाग त्या दिवशी आला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी काच पुन्हा बसवली. आता एकदा हात दिसला की दिवा लागायचा आणि पाच मिनिटं काही केल्या विझायचा नाही. मामांनी हात समोर धरला. हात थरथरत राहिला, दिवा जळत राहिला. मग मामांनी शेजारचा पाट स्वतः सरकवला आणि म्हणाले, “बसा, जावईबापू. चहा घ्या.” साडू बसले आणि चष्मा पुसत राहिले. त्यानंतर तीन वर्षं मामांनी डोळे लिहिले.

आता मामा नाहीत, साडूही नाहीत. अष्टमीच्या घरात ताईंनी साधी बटणं बसवून घेतली, कारण ते सेन्सर दुरुस्त करणारा कुणी उरला नाही. पेणची काच मात्र अजून चालते. गणपतीआधी मी कारखान्यात जातो, तिच्यासमोर हात धरतो. हल्ली माझाही हात जरा कापतो. दिवा लागतो आणि पाच मिनिटं तसाच राहतो. तेवढा वेळ मी पाटावर बसून घेतो.