पाचगावातून निघाल्यावर

लग्नाला चार वर्षं झाली असतील. त्या खेपेला मी माहेरी गेले तेव्हा वडिलांनी माझ्यासाठी ओट्यावर सतरंजी अंथरली. एरवी मी गेले की पिशवी टाकून थेट आईच्या चुलीपाशी बसायची. त्या दिवशी त्यांनी स्वतः सतरंजी झटकली आणि म्हणाले, "बस." मी कशासाठी आले होते ते त्यांना आधीच कळलेलं होतं. मी बसले आणि पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत राहिले.

माझं माहेर जानेफळच्या बाजूचं, सासर डोणगावजवळचं. दोन्ही घरं भाजीपाल्याची. विहिरीवर मोट, मिरची, वांगी, कांदे. महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्याच्या काही वर्षं आधी आमच्या रस्त्यावरच्या पाच गावांनी आपसांत ठरवून घेतलं होतं की भाजी खामगावला जाईल ती एकाच ट्रकनं, एकाच अडत्याकडे, आणि पाचही गावांना भाव एकच मिळेल. कोणी परस्पर विकायचं नाही. मिरचीची रोपं माझ्या माहेरच्या गावात तयार व्हायची. ती आधी या पाच गावांना, उरली तर बाहेरच्यांना. या ठरावाला संघ, मंडळ असलं नाव नव्हतं. लोक नुसतं 'पाचगाव' म्हणायचे. ते उभं करण्यात माझे वडील पुढे होते. माझं लग्नही पाचगावातूनच जमलं. खामगावच्या बाजारात पोती उतरवताना दोन बापांची ओळख झाली होती.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. माणूस वाईट नव्हता. पण आवाज मोठा होता आणि त्या आवाजामागे गाव जायचं. आमच्या गावची मिरची खरोखर चांगली. नदीकाठची काळी जमीन, पाणी भरपूर. खामगावचा एक दुसरा व्यापारी एकदा गावात आला, मिरची हातात घेऊन मोडून पाहिली आणि म्हणाला, असला माल तुम्ही दुसऱ्यांच्या फिक्या मिरचीत कशाला मिसळता? मला द्या, मी जास्तीचा भाव देतो. ते मामाजींच्या डोक्यात बसलं.

मारुतीच्या पारावर सभा झाली. आमचं घर समोरच, म्हणून मला भिंतीआडून सगळं ऐकू येत होतं.

"मुंबई राज्यातून निंगून आपला महाराष्ट्र वेगळा झाला का नाई?" मामाजी म्हणाले. "सारे आपलं आपन पाहून राह्यले. मंग आपनच काऊन पाचायच्या दावनीले बांधून राहाचं? माल आपला, मेहनत आपली, आन् भाव कोनता, तं साऱ्यायचा मिळून!"

कोणीतरी मागून विचारलं, "पन मामा, रोप कुठून आनाचं?"

"काऊन बे, माह्या सुनेचं माहेर कुठं हाय? व्याही मले रोप नाई देनार का?"

लोक हसले. मीही भिंतीआड हसले. माझ्या माहेराचं नाव पारावर निघालं याचं मला त्या वेळी चांगलंच वाटलं होतं.

आमचं गाव पाचगावातून निघालं. सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. नवा व्यापारी स्वतःचा ट्रक गावात पाठवायचा, भावही चढा द्यायचा. मामाजींनी मेहकरहून जिलेबी आणली आणि गल्लीत वाटली. पाचगावचा ट्रक आमच्या पलीकडच्या गावातून निघायचा. तो रोज दुपारी आमच्या फाट्यावरून न थांबता जाई. तेव्हा आमच्याकडची पोरं त्याच्यामागे आरोळ्या ठोकत पळायची.

मग व्यापाऱ्याचा ट्रक एक दिवसाआड येऊ लागला. एका गावाच्या मालानं ट्रक भरत नाही, असं तो सांगायचा. तोडलेली मिरची वाट पाहून मऊ पडायची. मऊ पडली की भाव पडायचा. मामाजी भांडायला खामगावला गेले. तिथे तो त्यांना म्हणाला, "शेटजी, आता तुमी एकटे. एकट्याले भाव मी सांगतो." पाचगावच्या अडत्याकडे गेले, तर त्यानं चहा पाजला आणि सांगितलं की चार गावांना विचारल्याशिवाय मी तुमच्या पोत्याला हात लावत नाही. बाजारातले हमाल कालपर्यंत 'रामराम मामा' म्हणायचे, ते आता दुसरीकडे पाहायला लागले. हे मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं. मामाजी त्या रात्री जेवले नाहीत.

आमच्या बांधाला लागून एका बौद्ध बाईचं शेत होतं. नवरा-बायको दोघंच राबायचे. दोन वाफे वांगी, थोडी मेथी. पाचगावात असताना तिची दोन पोती आमच्या वीस पोत्यांबरोबर त्याच ट्रकमध्ये जायची आणि भाव तोच मिळायचा. नवा व्यापारी म्हणाला, दोन पोत्यांसाठी मी थांबत नाही. एका सकाळी मी विहिरीवर गेले तर ती बांधावर बसून पिवळी पडलेली वांगी बकरीपुढे टाकत होती.

"बाजारात नाई नेली?" मी विचारलं. विचारल्यावर लगेच वाटलं, विचारायला नको होतं.

"कशात नेऊ, डोक्यावर?" ती म्हणाली. "तुमी पारावर बसून ठरवलं. आमाले कोनी बलावलं होतं का, बाई?"

ती चिडून बोलली नव्हती. मी बादली अर्धीच भरली आणि घरी आले. घरी येऊन तिचं बोलणं कोणाला सांगितलं नाही.

रोपं लावायचे दिवस आले. मामाजी मला म्हणाले, "सूनबाई, तू जाऊन ये बरं माहेरी. व्याह्यायले मी कसा विचारू? तू लेक हायेस." म्हणून मी ओट्यावर त्या सतरंजीवर बसले होते.

मी सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं.

"लेक म्हनून आली असशीन तं जेवून जाय," ते म्हणाले. "गावाकडून आली असशीन तं आईक. रोप आदी चार गावाले. उरलं तं तुमाले, बाहेरच्यायच्या रांगेत."

"बाबा, मी बाहेरची?"

"तू नाई. मिरची."

आई दारात उभी होती. तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, उठावं आणि मिळेल त्या एसटीनं परत जावं. पण तेवढ्यात ती बकरीपुढे टाकलेली वांगी डोळ्यांसमोर आली आणि मी ती हकीकत सांगितली. दोन पोती, पिवळी पडलेली वांगी, आणि तिनं मला काय विचारलं ते.

वडिलांनी सतरंजीचा दुमडलेला काठ सरळ केला. मग म्हणाले, "सभेत त्यायले विचारलंच नाई?"

"नाही."

"ज्यायले विचारलं नाई ते निंगाले कसे मंग? ते पाचगावातच हायेत."

त्यांनी ते चार गावांपुढे मांडलं आणि चार गावांनी मानलं. पुढच्याच आठवड्यात पाचगावचा ट्रक आमच्या फाट्यावर थांबला. बौद्ध वस्तीतल्या तीनचार घरांची पोती वर चढली. आमच्या गावची माणसं पारावरून बघत होती. त्या दिवशी पोरं आरोळ्या ठोकत पळाली नाहीत. वस्तीला रोपंही वेळेवर मिळाली. आम्हाला उशिरा मिळाली, ती लांबट, पिवळसर. नवऱ्यानं आणि मी ती तशीच लावली.

मिरची तोडायला आली तेव्हा मामाजींनी मला परसात बोलावलं. नजर खाली होती. "त्या बाईले विचारून पाह्य ना," ते म्हणाले. "आपली चारपाच पोती तिच्या नावावर गेली तं तिचं काय जाते? तिलेबी काही देऊ."

सासऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती. मी तिच्या घरी गेले. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी उभीच राहिले. तिनंच वर पाहिलं.

"तुमच्या मामाजीची मिरची माह्या नावानं पाठवाची हाय. असंच ना?"

मी मान हलवली.

"नाई जमनार, बाई. धरल्या गेलो तं आमची बी पोती राहून जातीन. आमाले एकदाच भेटलं हे." मग जुडीची गाठ मारत ती हळूच म्हणाली, "तुमाले काऊन पाठवलं त्यायनं? सोता याले पायजे होतं."

घरी येऊन मी मामाजींना एवढंच म्हणाले, "नाही म्हणाली." ते संतापतील असं मला वाटलं होतं. ते ओसरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चाल, तुह्या माहेरी जाऊ."

वडिलांनी त्यांचं व्याही म्हणून सगळं केलं. पाय धुवायला पाणी दिलं, बाजेवर बसवलं, आईनं पुरणपोळी केली. जेवण झाल्यावर दोघं देवळात गेले. चार गावची माणसं जमली होती. बायका देवळाच्या मागच्या बाजूला बसल्या, त्यांच्यात मी. पारावर ज्यांचा आवाज मी भिंतीआडून ऐकला होता त्या मामाजींचं तिथलं बोलणं मला कान देऊन ऐकावं लागत होतं.

"चुकलं आमचं," ते म्हणाले. "गाव परत घ्या."

चार गावांची बोलणी झाली. माझ्या वडिलांनी ठराव सांगितला. पुढच्या हंगामापासून घेऊ. ट्रकच्या भाड्याची वर्गणी आधी द्यावी लागेल. एक वर्ष भाव ठरवायच्या बैठकीत तुमचा माणूस बसेल, पण बोलणार नाही. तुमचा माल शेवटी मोजला जाईल. वडील एकेक अट सांगून थांबत होते आणि मामाजी प्रत्येकीला "हाव" म्हणत होते. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळत नव्हतं की या दोघांतल्या कोणाची म्हणून माझ्याकडे पाहावं. मलाही कळत नव्हतं. एका बाजूला आमच्या घराची मान खाली गेली होती. दुसऱ्या बाजूला माझा बाप त्या माणसाला थोडंही सोडत नव्हता. मला दोन्हींची सारखीच लाज वाटत होती.

परत येताना मेहकरच्या स्टँडवर डोणगावच्या एसटीची वाट पाहत आम्ही दोघं बसलो होतो. मामाजींनी मला केळी घेऊन दिली. मी एक सोलत असताना म्हणाले, "तुह्या बापाचं काही चुकलं नाई. मी त्याच्या जागी असतो तं हेच केलं असतं." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तू तठी देवळात नसती तं बरं झालं असतं."

पुढच्या हंगामात आमचं गाव पाचगावात परत गेलं. एका वर्षाची अट संपली तरी आमचा माल शेवटीच मोजला जायचा. कोणी मुद्दाम करत नव्हतं, तशी सवयच पडून गेली होती. भावाच्या बैठकीला मामाजी गेले नाहीत. माझा नवरा जायचा. पारावर सभा असली की आता वस्तीतल्या माणसांनाही निरोप जायचा. ते यायचे, आणि त्यांच्यापैकी कोणी बोलायला उठलं की मामाजी उठून घरात यायचे.

माहेरी गेले की मी पुन्हा चुलीपाशी बसू लागले. पण माल मोजायला ट्रक दारापुढे थांबायची वेळ झाली की वडील मला काहीतरी काम काढून परसात पाठवायचे. मीही न विचारता जायची.