कौल होण्याआधी

मी बी. ए. झालो तो पासलीच्या आमच्या मास्तरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. चौथीनंतर वडिलांनी मला भातखाचरात उतरवले, तेव्हा मास्तर बांधावर येऊन बसले आणि वडील हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. पुढे भोरला आपल्या बहिणीच्या घरी माझी राहण्याची सोयही त्यांनीच केली.

माझा निकाल लागला आणि त्यांचे पत्र आले. वेल्ह्याला इंग्रजी शाळा काढायचे त्यांच्या मनात कित्येक वर्षे होते. जागा मिळाली होती, मुले होती. पदवीधर हेडमास्तर तेवढा हवा होता. ‘तू येणार हे मी धरूनच चाललो आहे,’ असे त्यांनी लिहिले होते.

ते पत्र खिशात घालूनच मी आमच्या प्राध्यापकांच्या सहलीला पुण्याहून निघालो. मोटारीत चढताना प्राध्यापक म्हणाले, “शिलालेख जमवायच्या कामावर तुम्हाला घ्यावे म्हणतो. संध्याकाळी परत निघेपर्यंत सांगा. नाहीतर उद्या मी दुसऱ्याला लिहीन.”

मला ते काम हवे होते. फार हवे होते, म्हणूनच दिवसभर माझा पाय एका जागी ठरला नाही.

वाट दाखवायला भोरला एक पेन्शनर कारकून आमच्या मोटारीत बसले. आंबवड्याच्या अलीकडे ओढ्याकाठी पडके देऊळ होते. सभामंडप कोसळलेला, कोरीव खांब गवतात आडवे. गाभारा मात्र उभा आणि आतल्या भैरवाची पूजा चालू. कारकून छडीने खांब दाखवत होते. मी वहीत अर्धी ओळ लिहिली आणि गाभाऱ्यात शिरलो.

गुरवाने मला न्याहाळले. “पावनं, कौल लावायचाय जनू?”

“तुम्हाला कसे कळले?”

“देवाम्होरं उभं ऱ्हाऊन दाराकडं बघताय. असली मानसं कौलालाच येत्यात.”

मास्तर कौलाशिवाय पेरणीचा दिवससुद्धा ठरवत नसत. देवाने सांगितले म्हटले की ते एका शब्दाने विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होते. उजवी पाकळी पडली तर पुणे, डावी पडली तर वेल्हे, असे मी मनात धरले. गुरवाने भैरवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आम्ही बसलो. एकही हलेना.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. कारकून ओरडले, “अहो पदवीधर, चला! देव काही पळून जात नाही, पेठ बघायची राहिलीये!”

“कधी पडेल हो?” मी विचारले.

“आत्ता बी पडंल, सांजंला बी पडंल. घाई मोटारीला, भैरवाला न्हाई. तुमी जावा. म्या बसतो हितं. पडला की सांगावा धाडतो.” मग तो म्हणाला, “पर धाडू कुठं? ऱ्हानार कुठं तुमी?”

मी नमस्कार केला आणि उठलो.

भोरच्या पेठेत कारकून रंगात आले होते. कोकणातले मीठ आणि नारळ घाट चढून बैलांच्या पाठीवरून इथे कसे उतरत, परतीला तांदूळ आणि गूळ कसा जाई, ते सांगताना त्यांनी एका वाण्याला दुकानातून उठवून त्याची जुनी ओटी दाखवली. सगळे हसत होते. मी दोनदा घोळक्यातून बाहेर पडलो, दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा सरळ पोस्टात गेलो.

पाकीट आणि कागद घेतले. उजवा कौल झाला, असे लिहूनही टाकले. एवढ्या तीन शब्दांत सगळे मिटले असते. तो कागद फाडून मी दुसरा घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिले:

‘मास्तरांना साष्टांग नमस्कार. मी वेल्ह्याला येत नाही. प्राध्यापकांकडे काम धरतो आहे. आज आंबवड्याजवळच्या भैरवाला कौल लावला होता, पण तो होण्याआधीच मी उठलो. तेव्हा हे देवाने सांगितलेले नाही, मी ठरवले आहे. मला हे काम मनापासून हवे आहे. तुमची शाळा माझ्यावाचून अडेल, हेही मला कळते. माझ्याबरोबर पास झालेल्या दोघांना उद्या भेटतो. कोणी कबूल झाला तर त्याला घेऊन रविवारी पासलीला येतो. कोणी झाला नाही तरी मी येतो. जे बोलायचे ते मला समोर बोला.’