शेषरावांनी नळी तपासली होती

ही गोष्ट सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. कोणी शेषरावांचे नाव काढले की मी पिकापाण्याचे बोलू लागायचो.

मंगरूळपीरहून माझी यात्रेची बस निघायची. मागच्या भागात ओटा, दोन शेगड्या आणि साखळीने बांधलेले गॅस सिलिंडर. धनजचे शेषराव आमचे आचारी. हादऱ्यांनी जोड ढिले होतात, म्हणून रोज सकाळी ते वाटीत साबणाचा फेस करत आणि दाढीच्या जुन्या ब्रशने सिलिंडरपासून शेगडीपर्यंत लावत. बुडबुडा फुगला की समजायचे, गॅस गळतो आहे.

"शेषराव, गॅसले आंघोळ घालून राह्यले का?" एखादी म्हातारी विचारायची.

"हो मावशे. पह्यले त्याची, मंग तुमची."

वास येत नसताना हे कशाला, असे मी म्हणायचो. "नाकाले सवय होते, मालक. साबनाले होत नाई."

एका सकाळी रबरी नळीच्या टोकाशी फेस फुगला. "नळी चिरली हाय. बदलल्याबिगर मी शेगडी पेटवत नाई." बाहेर चाळीस माणसे चहासाठी खोळंबलेली. "व्हा बाजूले," मी म्हणालो. नळीची पट्टी आवळली आणि काडी मीच ओढली.

भडका उडाला. मी बाहेर पळालो. शेषरावांनी आत हात घालून सिलिंडर बंद केले. यात्रेकरूंना काही झाले नाही. शेषरावांचे दोन्ही हात भाजले.

वाशीमच्या दवाखान्यात, त्यांच्या खाटेशेजारीच मी पोलिसांना सांगितले, "गॅस तपासायचे काम आचाऱ्याचे. आज राहून गेले असेल." शेषरावांनी माझ्याकडे पाहिले. पुढे त्यांना कोणी स्वयंपाकाला बोलावले नाही.

काही वर्षांनी मी धनजला गेलो. शेषरावांची बोटे वळत नव्हती. चहाचा कप त्यांनी दोन तळव्यांत धरला.

"कायले आले, मालक, एवढ्या उन्हाचे?"

"सहजच."

"सहज कोनी धनजले येत नाई." ते हसले आणि वाट पाहत राहिले. मी सोयाबीन कसे आहे ते विचारले.

गेल्या वर्षी ते वारले. तेरवीला पंगतीत त्यांच्या सुनेने मला वाढताना विचारले, "काका, लोक म्हनतात मामाजी त्या दिवशी नळी पाहाले इसरले. मामाजी कधी काही बोललेच नाई. तुमी तं तिथंच होते ना?"

मी पाण्याचा पेला उचलला. ती पुढच्या पानाकडे गेली.

तिला सांगायचे होते ते एवढेच. बाई, ते विसरले नव्हते. त्यांनी मला अडवले होते. काडी मी ओढली, आणि खोटेही मीच बोललो. मला माफ करा.