शेवगा, त्याचं औषध आणि आईचा फोन

परवा दुपारी ऑफिसात मीटिंग चालू असताना आईचा फोन आला. आई सध्या सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आलीये, आणि माझ्या कामाच्या वेळात ती कधीच फोन करत नाही... मी लगेच उचलला.

"अगं, शेवग्याला झटका आलाय. वाकडातिकडा उडतोय नुसता. हिरड्यांना मध लावू का?"

शेवगा म्हणजे आमचा फेरेट. मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी, शेवग्याच्या शेंगेसारखा लांबच लांब, म्हणून हे नाव. त्याच्या स्वादुपिंडात गाठी आहेत, त्यामुळे शुगर एकदम खाली जाते. झटका आला तर हिरड्यांना मध चोळायचा, हे मी आईला शिकवून ठेवलं होतं.

मध्यंतरी व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, त्यावर स्टेरॉइड सुरू केलं. त्याने शुगर सावरली... पण पोट बिघडलं. करकर दात खायचा, तोंडातून लाळ गळायची, वाटी समोर आणली की मान फिरवायचा. उपाशीपोटी ते औषध द्यायचं नाही, आणि औषधामुळे हा जेवत नाही. आम्ही पार अडकलो होतो.

शेवटी व्हेटने डोस थोडा कमी केला, जेवणाआधी द्यायला पोटाचं वेगळं औषध दिलं. थोडंथोडं, पण सारखं भरवत राहा म्हणाली.

दिवसा घरी फक्त आई. जी अंडं घातलेला केकसुद्धा खात नाही... पहिल्यांदा तिने नाकाला पदर लावून चिकनची पेस्ट कोमट केली आणि हात लांब करून चमचा धरला. मग हळूहळू मांडीवर टॉवेल टाकून त्याला घेऊन बसायला लागली. "खा रे राजा, एवढा एकच घास."

तर तो फोन. मी कॉरिडॉरमध्ये पळाले, तिला व्हिडिओ चालू करायला लावला. आधी सीलिंग दिसलं, मग तिचा कान... मग शेवगा. पाठीची कमान केलेली, तोंड उघडं, आडव्या उड्या मारत सोफ्यावर आपटला, उठला आणि 'डुक डुक' करत आईच्या पायांवर झेपावला.

"आई, मध ठेवून दे. त्याला काही झालेलं नाही. तो नाचतोय. फेरेट खूश झाले की असंच करतात."

आई आल्यापासून तो नुसता पडून होता, त्याला बरा असा तिने कधी पाहिलाच नव्हता. मग म्हणाली, "बरं. तू कर तुझं काम. मी बघते जरा त्याच्याकडे."

आणि कॉल कट करायला विसरली. ती पाय हलवायची, तो पायावर उडी घ्यायचा... आई खळखळून हसत होती. मीटिंग तशीच राहिली, मी बघत बसले.

आजार कुठे गेलेला नाही, आम्हाला माहितीये. शेवग्याला अजून किती दिवस मिळतील, तेही माहीत नाही. पण परवाचा दिवस आईने त्याला घास घास भरवून मिळवून दिलाय...